आधी शेवटच्या रांगेत जाऊन बस

प्रिय बाय,

नाट्यगृहातल्या साऊंड आणि लाईटच्या कामाच्या कटकटींचं तुझं पत्र मिळालं. सोमवारी तियात्र (कोंकणी नाटक), मंगळवारी भजन स्पर्धेची फेरी, बुधवारी शाळेचं स्नेहसंमेलन, शुक्रवारी ख्याल, शनिवारी व्हायोलिन-पियानो, आणि दर वेळी कोणीतरी जाता जाता "आज आवाज बरोबर नव्हता" असं ऐकवून गेलं. आता तू विचारतेस, एकच कला धरून तिच्यात तज्ज्ञ होऊ, की साऊंडच्या मिक्सरमध्ये सगळ्यांना चालेल असं एक सेटिंग करून ठेवू, की सरळ हॉटेलांतल्या लग्नांच्या साऊंडला जाऊ, तिथे पैसे तरी बरे मिळतात.

लग्नांचं तुझं तू ठरव. तिथे शेवटच्या रांगेत जेवणाची टेबलं असतात, त्यामुळे तक्रार कोणी करत नाही एवढं खरं. तुला धीर देत बसत नाही. नाट्यगृहात रात्री बारापर्यंत वायरी गुंडाळायला थांबतेस म्हणजे आवड आहे हे धरून चालतो. मला राग आला तो तुझ्या पत्रातल्या एकाच वाक्याचा. "मिक्सरपाशी तर छान ऐकू येत होतं." अगं, मिक्सरपाशी तिकीट कोणी काढत नाही.

म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि शेवटपर्यंत तीच सांगणार आहे, कंटाळलीस तरी. घंटा होण्याआधी शेवटच्या रांगेत जाऊन बस. मधली, ऐसपैस खुर्ची नको. कोपऱ्यातली, भिंतीला टेकलेली, बाल्कनीच्या खालची. आणि प्रयोग सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत परत एकदा जा, कारण रिकामं सभागृह आणि भरलेलं सभागृह ही दोन वेगळी सभागृहं आहेत. माणसं आणि त्यांचे कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात. दुपारी रिकाम्या खुर्च्यांत कर्कश वाटला म्हणून तू जो आवाज कापून टाकलास, तोच रात्री कमी पडतो.

बाल्कनीखाली नेमकं काय बिघडतं ते समजून घे. स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरचा वरचा आवाज सरळ रेषेत जातो, तो बाल्कनीच्या कठड्याला अडतो. खालचा आवाज वळसा घालून येतो आणि मागच्या भिंतीपाशी साचतो. परिणाम असा, की स, श, त, च हरवतात आणि घ, भ, म नुसते गुरगुरतात. नट बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. असं झालं की नवा माणूस मुख्य आवाज वाढवतो. मग पहिल्या तीन रांगा कान झाकतात, मागे गुरगुर वाढते आणि माईक शिट्टी मारतो. उपाय उलटा आहे. मुख्य स्पीकरचा २०० ते ३०० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने खाली घे आणि बाल्कनीच्या छताला लावलेले छोटे स्पीकर वापर. पण त्यांना डिले दे, म्हणजे त्यांचा आवाज जरा उशिरा सोड. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. मुख्य स्पीकरपासून तो छोटा स्पीकर २० मीटरवर असेल तर ५७-५८ मिलिसेकंद, आणि त्यावर आणखी दहा. हे वरचे दहा विसरू नकोस. त्यांच्यामुळे कानाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो, डोक्यावरून नाही. डिले न देता ते स्पीकर चालू केलेस तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल, त्यापेक्षा ते बंद असलेले बरे.

पणजीत कांपालला मांडवीच्या काठी कला अकादमीत जाशील तेव्हा दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींकडे नीट बघ. चार्ल्स कोरियांनी ही वास्तू बांधली, १९८३ साली ती पुरी झाली. आतल्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी चितारलेले प्रेक्षक नाट्यगृहाच्या जुन्या पद्धतीच्या बॉक्समध्ये बसलेले आहेत. ते कधीच तक्रार करत नाहीत आणि बहुतेक तंत्रज्ञ त्यांच्याच भरवशावर असतात. मला त्या वास्तूचं कौतुक आहे ते वेगळ्याच कारणासाठी. एकाच आवारात बंद नाट्यगृह आहे, उघडं नाट्यगृह आहे, प्रायोगिक नाटकांसाठी ब्लॅक बॉक्स आहे, आणि हिंदुस्थानी व पाश्चात्त्य संगीत तिथेच शिकवलं जातं. म्हणजे तुझ्या आठवड्याचा गोंधळ हा तुझ्या नशिबाचा भाग नाही, गोव्यात नाट्यगृह म्हटलं की ते असंच असतं. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर घे, मडगावचं रवींद्र भवन घे, तीच गोष्ट. तियात्र, संगीत नाटक, मांडोची कोंकणी गाणी आणि गोफाचा दोऱ्यांचा नाच, सगळे एकाच फळ्यांवर नाचणार.

आता एकेक बघू. तियात्रापासून, कारण तिथेच तुला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागलं.

पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झालं. तेव्हापासून आजवर त्याची रचना मुळात एकच आहे. कथेचे पडदे, आणि दोन पडद्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी. गायक दर्शनी पडद्यासमोर येऊन उभा राहतो, मागे सेट बदलतो, आणि कांताराचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. आता प्रेक्षक कशासाठी आलेला असतो? शब्दांसाठी. कांताराच्या शेवटच्या ओळीत मंत्र्याला चिमटा असतो, तो कळला तर सभागृह उसळतं, नाही कळला तर गायकाची मेहनत पाण्यात. आणि नेमका त्याच क्षणी ट्रंपेट वाजतो. म्हणून तियात्रात बँड कमी करायला शीक. छोट्या सभागृहात ट्रंपेटला आणि सॅक्सोफोनला माईक द्यायचाच नाही. त्यांचं तोंड गायकाच्या माईककडे असेल तर वादकाला हात जोडून खुर्ची थोडी तिरकी करायला सांग. ते ऐकतात, फक्त बँडमास्टरला आधी विचार, परस्पर खुर्च्या हलवू नकोस. ड्रमला एक खालचा आणि एक वरचा, एवढे दोन माईक पुष्कळ. कीबोर्ड आणि बेस थेट डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीतून) घे.

पडदा उघडून कथा सुरू झाली की कांताराचे उभे माईक बंद. हे साधं वाटतं, पण तुझ्या तक्रारींतल्या अर्ध्या इथल्या असणार. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारी जागा तीन डेसिबलने घटते. एकाऐवजी आठ माईक उघडे म्हणजे नऊ डेसिबल गेले. आणि मग तू म्हणतेस की आवाज वाढवताच येत नव्हता. वाढणार कसा? तसंच कांतार चालू असताना कथेचे, स्टेजच्या ओठावरचे (पुढच्या कडेवरचे) माईक बंद, नाहीतर सुताराची ठोकाठोक कोरसमध्ये सामील होते. प्रत्येक पडद्याला कोणते माईक उघडे, कोणते बंद, हे कागदावर लिहून काढ. दिग्दर्शक नाही सांगणार, प्रॉम्प्टर सांगेल. प्रॉम्प्टरशी मैत्री कर.

हे सगळं करूनही शेवटच्या रांगेत जा आणि त्या ओळीवर मागचे लोक पुढच्यांबरोबर हसतात का ते बघ. मागचे उशिरा हसले तर त्यांना ते शेजाऱ्यानं सांगितलेलं आहे.

मराठी नाटकाला तियात्राचं सेटिंग लावलंस हे तूच लिहिलं आहेस. स्पर्धेच्या नाटकाला स्टेजच्या ओठावर तीन माईक बस झाले, मध्ये एक आणि दोन बाजूंना दोन, आणि प्रत्येकाच्या खाली इंचभर जाडीचा फोम. फोम नसेल तर नटाच्या संवादापेक्षा त्याच्या चपला जास्त ऐकू येतील. कॉलर माईक देण्याची घाई करू नकोस. हौशी नट एकमेकांना मिठी मारतात, छाती पिटतात, पदर सावरतात. प्रत्येक वेळी सभागृहात गडगडाट होतो. संगीत नाटक असेल तर पायपेटी आणि तबला समोरच्या खड्ड्यात किंवा विंगेत. पदाला नट मध्यभागी पुढे येतो, तिथे ओठावरचा मधला माईक त्याला पुरतो. पायपेटीला वेगळा माईक फक्त विंगेत असेल तरच.

नाटकाच्या उजेडालाही हाच नियम. समोरचा उजेड साधारण ४५ अंशांतून आला पाहिजे. त्याहून सरळ वरून आला की भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि मागून नट आंधळा दिसतो. पुढे तीन आणि मागे तीन अशा सहा भागांत स्टेज सारखा उजळला की मग मूडच्या गप्पा. दशावतारी मंडळी आली तर निळा आणि हिरवा फिल्टर काढून ठेव. त्यांच्या रंगभूषेत लाल भरपूर, आणि लाल रंग निळ्या उजेडात काळा दिसतो. देवाच्या चेहऱ्यावर काजळी सांडल्यासारखं होतं. शिवाय तिथे लिहिलेली संहिता नसते, संवाद नट तिथल्या तिथे रचतात, त्यामुळे आधी बांधलेले लाईटचे क्यू चालवायला गेलीस तर फसशील. पांढरा, भरपूर, स्थिर उजेड ठेव आणि हात बांधून बस. ब्लॅकआऊट तर अजिबात नको.

ख्यालाची मैफल हा वेगळाच विषय आहे, तिथे मला जरा जास्त लिहू दे. गोव्याच्या मातीतून दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई, अभिषेकी आले. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. अशा गावात गायकाला "माईकजवळ या" असं सांगावं लागणं बरं नाही. माईक त्याच्याजवळ न्यायचा, तोंडापासून वीतभर, आणि थोडा खालून, म्हणजे "प", "फ" चे फटके बसत नाहीत आणि चेहराही झाकत नाही. गायकाला एक, दोन तानपुऱ्यांना एकेक, तबल्याच्या दायाँ-बायाँला एकेक, संवादिनीला एक. झाले सहा. साथीला गाणारा शिष्य असेल तर सात. गायकाच्या चॅनलला ८० हर्ट्झच्या खालचं काप, पण बायाँला तीच कात्री लावू नकोस. घुमारा गेला की तबला पत्र्याचा डबा होतो.

मॉनिटरवरून, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरवरून, भांडणं होतात. गाण्याच्या नेहमीच्या (कार्डिऑइड) माईकला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर बरोबर पाठीमागे ठेव, बाजूला नाही. गायक "तानपुरा वाढवा" म्हणतो तेव्हा त्याला तानपुरा मॉनिटरमध्ये हवा असतो, सभागृहात नाही. ही चूक इतकी सर्रास होते की निम्म्या मैफलींत मागच्या रांगेला तानपुऱ्याचा भोवराच ऐकू येतो आणि गाणं त्याच्या पाठीमागून. तानपुरा सभागृहात इतकाच हवा, की बंद केला तर लक्षात यावं आणि चालू असताना लक्षात येऊ नये. हे मिक्सरपाशी ठरवता येत नाही. कुठे ठरवता येतं ते आता तूच सांग.

एसी मैफलीच्या निदान दोन तास आधी चालू कर आणि मग तापमानाला हात लावू नकोस. वाद्यं तासभर आधी आत आणून ठेवायला सांग. आपल्या दमट हवेत तबल्याची पुडी सैल असते, आतल्या कोरड्या हवेत ती ताणली जाते आणि स्वर चढतो. पहिला आलाप संपेपर्यंत तबलजी हातोडीच मारत बसला तर त्याला दोष देऊ नकोस, त्याला जेमतेम दहा मिनिटं आधी आत सोडलं कोणी? आणि कृत्रिम घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, गायकानं मागितल्याशिवाय नको. मागितला तर त्याच्या मॉनिटरमध्ये दे.

भजन स्पर्धेत दर अर्ध्या-पाऊण तासाला पथक बदलतं, आणि प्रत्येक पथकाला वाटतं की आधीच्यांना आवाज जास्त दिला होता. म्हणून फेडरच्या (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या बटणांच्या) जागा सुरुवातीला ठरवून टेपनं खूण कर आणि परीक्षकांना दाखव. बुवांना एक माईक, संवादिनीला एक, पखवाजाला दोन, कोरसला चार जणांत एक. टाळ-झांजांना माईक नाही. नाही म्हणजे नाही. झांज दोन ते पाच हजार हर्ट्झमध्ये वाजते, तिथेच अभंगाचे शब्द राहतात. ती आधीच प्रत्येक माईकात घुसलेली असते. झांजवाल्यांना कोरसच्या मागच्या ओळीत बसव.

घुमटाकडे लक्ष दे, बाय. २०१९ मध्ये सरकारनं त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण माईक लावताना त्याला अजूनही ढोलक समजतात. मातीच्या भांड्याची दोन तोंडं. मोठ्यावर कातडं, पूर्वी घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याला बंदी, आता बकऱ्याचं. लहान तोंड उघडं, त्यावर वादकाचा डावा तळवा उघडझाप करतो आणि तिथूनच तो खोल, पाण्यासारखा घुमारा निघतो. फक्त कातड्यासमोर माईक धरलास तर नुसती थाप मिळते. दुसरा माईक मागच्या तोंडापाशी, चार बोटं अंतरावर, तळव्याला लागणार नाही असा. दोन्ही उघडे ठेवून मागच्या चॅनलचं फेजचं बटण (आवाजाची लाट उलटी करणारं) दाबून सोडून बघ. ज्या बाजूला घुमारा भरून येतो ती बाजू खरी. आरतीच्या मेळात शामेळ (ढोल) आणि कासाळे (झांज) जोरात असतात, त्यांना माईक नको. मांडोत मात्र घुमट हळू, व्हायोलिन आणि गळे पुढे. त्याच घुमटाला सकाळी आरतीत जे दिलंस ते संध्याकाळी मांडोत द्यायचं नाही. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, वादक ते उबेला धरतात. त्यांना ग्रीन रूममध्ये साध्या बल्बची सोय करून दे, नाहीतर ते तुझ्या लाईटपाशी येऊन उभे राहतील.

पियानो. आधी जागेवर ठेवायचा, मग रात्रभर एसी, मग ट्यूनिंग. ट्यूनिंगनंतर एक फूटही ढकलायचा नाही. ट्यूनरला दीड-दोन तास शांतता लागते, त्या वेळात सेटचे सुतार बाहेर. वाजवताना माईक नको, स्पीकर बंद. फक्त ऐकणाऱ्यांना एसीचा आवाज किती येतो ते मागे बसून ऐक. हळुवार जागेला एसीच पहिला स्वर लावतो.

आता गोफ, कारण तुझ्याकडे शिगम्याच्या (होळीच्या) सुमारास पथक येणार म्हणालीस. तिथे धोका आहे म्हणून सविस्तर सांगतो. वरून एका बिंदूतून रंगीत दोऱ्या लोंबतात, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक, नाचत नाचत वेणी विणतात आणि उलटे फिरून सोडवतात. दोऱ्या लाईटच्या बारला बांधायच्या नाहीत, कोणीही कितीही घाई केली तरी. आठ जण असतील आणि प्रत्येकानं पाच किलोचा झटका दिला तरी चाळीस किलो, तोही सतत हलता. दहापट भार पेलेल अशी स्वतंत्र कडी, सभागृहाच्या रिगरनं, म्हणजे टांगण्याची कामं बघणाऱ्यानं, तपासलेली. दोरीची लांबी मोजून घे. कडी जमिनीपासून पाच मीटरवर, हात सव्वा मीटरवर आणि रिंगणाची त्रिज्या अडीच मीटर असेल, तर तिरकी दोरी साडेचार मीटर लागते. त्यावर विणीत जाणारी लांबी. वेणी जशी खाली येते तशी मोकळी दोरी आखूड होते, रिंगण आत ओढलं जातं आणि नाच अडकतो. निदान दीड ते दोन मीटर जास्तीची ठेव. तिढा पडलाच तर पथकाला थांबून सोडवू दे, पडदा पाडून त्यांची फजिती करू नकोस.

आणि आता मागे जा. बाल्कनीखालच्या रांगेतून स्टेजचा वरचा भाग दिसत नाही, बाल्कनीची कड तो कापते. पथक जीव तोडून वेणी विणतंय आणि मागच्या दोनशे लोकांना फक्त माणसं गोल फिरताना दिसतात, असं किती ठिकाणी होतं! खुर्चीत बसून बघ, नजर कुठवर जाते, तिथे स्टेजवरच्या माणसाला काठीनं खूण करायला सांग आणि कडी त्याच्या खाली आण. मागचा पडदा काळा, उजेड दोन्ही बाजूंनी, म्हणजे दोऱ्यांचे रंग उठून दिसतात. समोरून झोत टाकलास तर वेणी सपाट होते.

दिवल्यांच्या नाचाला डोक्यावर समया असतात. नाचाआधी पंधरा मिनिटं स्टेजवरचे एसीचे झोत बंद, पंखे बंद. समईत तेल निम्मंच. बाजूचा उजेड तिसऱ्या हिश्श्यावर आण, ज्योती मागपर्यंत दिसल्या पाहिजेत. विंगेत दोन्हीकडे अग्निशामक आणि ओलं गोणपाट. आणि कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्यांच्या मागे लागून हा नाच मध्यंतराच्या लगेच आधी घे. तेल सांडतंच. मध्यंतरात कोरड्या फडक्यानं, मग साबणाच्या पाण्यानं, मग परत कोरड्यानं. पुढे फुगडी असेल आणि बायका अनवाणी गिरकी घेणार असतील तर याला पर्याय नाही. फुगडी-धालो या बायकांच्या नाचांना वाद्य नसतं. गळे आणि पावलं हाच ताल. तिथे ओठावरच्या माईकखालचा फोम काढून टाक. नाटकात जो पायरव नको होता तोच इथे हवा.

रोमटामेळाला (शिगम्याच्या ढोल-ताशांच्या मेळाला) काही करू नकोस, माईक सगळे बंद. ढोल-ताशे बंद सभागृहात शंभर डेसिबलवर सहज जातात, आणि शंभरावर कानाला पंधरा मिनिटांच्या पुढे सुरक्षित नाही. स्वतः कानात बोळे घाल. सिनेमाचं वेगळंच यंत्र असतं, त्यांचे तंत्रज्ञ घेऊन येतात. तू फक्त एसी सांभाळ. उघड्या नाट्यगृहात रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, २००० सालचे ध्वनीचे नियम आहेत, खास सूट असेल तर कागद हातात घेऊन ठेव.

विजेबद्दल थोडं, कारण गुणगुण येते असं लिहिलंस. ती डिमरची, म्हणजे लाईट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची आहे. लाईट आणि साऊंड एकाच फेजवर नकोत. हजार वॅटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपियर ओढतो. बारा लावलेस म्हणजे पन्नासच्या वर. गुणगुण घालवायला कोणी अर्थिंगची पिन काढायला सांगेल, त्याचं ऐकू नकोस, त्यानं माणसं मेली आहेत. वायरी लाईटच्या केबलला समांतर नेऊ नकोस, ओलांडायच्याच तर काटकोनात. डिजिटल मिक्सरला यूपीएस हवाच. पावसात वीज क्षणभर डोळा मारते, जनरेटर लगेच येतो, पण मिक्सर परत उभा राहायला मिनिटभर घेतो आणि त्या मिनिटात नायिकेचं स्वगत असतं. कांपालसारख्या नदीकाठी खारी हवा पिना गंजवते. माईकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, गुलाबी झाल्या की बदल, आणि कनेक्टर महिन्याकाठी कॉन्टॅक्ट क्लीनरनं पूस.

आता तुझा मूळ प्रश्न, तज्ज्ञ व्हावं की सगळं करावं. माझ्याबद्दल बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेलच, की हा मिक्सरवर बसत नाही, सभागृहात हिंडत असतो, संयोजकांशी हुज्जत घालतो. हिंडतो. पाहुण्यांच्या सोफ्यावर बसून "मस्त" म्हणणारे संयोजक मी मोजत नाही, आणि त्यामुळे काही कामं माझ्याकडे परत आली नाहीत, तर त्यांचं त्यांना लखलाभ. मागच्या खुर्चीत बसणारा माणूस बसनं आलेला असतो, त्याला शेवटची बस चुकवून पुढचा अंक बघायचा असतो, त्याला शब्द कळले नाहीत तर तो पुढच्या वेळी येत नाही, आणि मग सगळे मिळून म्हणतात की प्रेक्षक कमी झाले. मला खंत आहे ती एवढीच, की आपल्या एकाही सभागृहात मागून काय ऐकू येतं हे लिहून ठेवायची पद्धत पडली नाही. प्रत्येक नवा मुलगा, नवी मुलगी पहिल्यापासून चाचपडते, तुझ्यासारखी.

तू तज्ज्ञ हो, पण त्या खुर्चीची. तियात्र असो की ठुमरी, तिथून काय ऐकू यायला हवं हे ज्याला सांगता येतं त्याला मिक्सर कुठलाही द्या. हल्ली मिक्सर टॅबलेटवरून चालवता येतो, वायफाय मागपर्यंत पोचतं, म्हणजे तुला जागेवर बसून राहायचं काही कारणच उरलेलं नाही. तरी बसून राहतेस!

एक वही कर. प्रत्येक कार्यक्रमाला एक पान. वर कला आणि पथक, खाली कोणते माईक कुठे, मागून पहिल्या दहा मिनिटांत काय कमी वाटलं, काय बदललं, आणि जाताना मागच्या रांगेतला कोणी काही बोलला तर त्याचेच शब्द. तुझं मत नको. कोणी काही बोललंच नाही तर रिकामं सोड, "सर्व ठीक" लिहू नकोस.

शिगम्याला अजून वेळ आहे. गोफाच्या पथकाच्या नाईकाला याच आठवड्यात फोन कर आणि तीन गोष्टी विचार: नाचणारे किती, दोऱ्या सुती की नायलॉनच्या, आणि कडीला ते स्वतःची फिरकी लावतात का. नायलॉन असेल तर हातातून सटकते, सुतीच आणायला सांग. फिरकी त्यांच्याकडे नसेल तर बेअरिंगची तू मागवून ठेव, आणि मागवताना तिच्यावर किती भार लिहिलाय ते वाचून घे.

तुझा,
काका